बिडाच्या भेगेतला पोपटी रंग

तापलेल्या पत्र्याखाली, भुशाच्या आणि ग्रीसच्या कोंदट वासातून, सकाळी कापराचा एक थंड वास पुढे यायचा आणि त्याच्यामागून अप्पा यायचे. अप्पा म्हणजे माझे सासरे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेल-चादरींच्या मागांच्या खडखडाटात आमचं लाकूडकामाचं वर्कशॉप आहे. मागावर सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला फटका देणाऱ्या काठ्या आम्ही करतो. अशा जागी कोळ्यांची जाळीसुद्धा भुशाने तपकिरी होतात. अप्पांचं धोतर मात्र संध्याकाळीही सकाळचंच असायचं. झरोक्यातून उतरणाऱ्या उन्हाच्या तिरप्या खांबात भुसा सोनेरी होऊन तरंगत असे आणि अप्पा त्या खांबाला वळसा घालून जात, जणू उजेडातलंही काही अंगाला चिकटेल. दिवसातून कितीदा तरी ते हात धुवायचे. आधी नखं, मग तळवे, मग मनगटं. आणि पाणी न झटकता दोन्ही हात हवेत उभे धरून वाळू द्यायचे. नव्या माणसाला वाटावं, प्रार्थनेला उभे आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

त्यांचा आवाज हलका होता. यंत्रं चालू असताना ते बोलत नसत. बोट वर करत, आणि ते बोट दिसताच एकेक मोटर थांबत जाई. मग त्या अचानक पडलेल्या शांततेत, श्रावणातली सर ओसरल्यावर पागोळी पडावी तसा एकच शब्द पडे. माणसं तो शब्द झेलत. मीही झेलला. माझे यजमान बँकेत, त्यांना भुशाची शिंक येते. म्हणून लग्न झाल्यापासून या वर्कशॉपचं काम मी अप्पांच्या हाताखाली शिकले. लाकडाची रेषा कशी वाचायची, पट्टा ढिला झाल्याचं नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. ते उत्तम शिक्षक होते, आणि हे वाक्य लिहिताना मला आज जी शिसारी येते ती त्यामुळे कमी होत नाही.

वर्कशॉपच्या मधोमध आमची जुनी पट्ट्याची करवत उभी आहे. बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावातून अप्पांनी ती आणली होती. माणसापेक्षा उंच, बिडाच्या ओतीव लोखंडी अंगाची, वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून सतत खाली धावणारा दातेरी पट्टा. जिने ती बनवली ती विलायती कंपनीही आता उरलेली नाही. तिचं टेबल हवं तेवढं तिरकं करता येतं, कारण टेबलाखाली बिडाचाच एक अर्धचंद्र आहे. पाळणा जसा दांड्यावर कलतो तसं टेबल त्या चंद्रावर कलतं. मोटर सुरू झाली की ही करवत ओरडत नाही, गुणगुणते. भरल्या घरात कुणीतरी आत बसून दळत असावं, तसा तो आवाज.

दरवर्षी खंडेनवमीच्या आधी अप्पा तिला रंग देत. सोलापुरात यंत्र पुजायचं म्हणजे आधी रंगवायचं. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा चढवायचा. आमच्याकडे ते काम अप्पा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. "देवाला अंघोळ घरच्या माणसानंच घालायची," असं म्हणत, सगळ्यांना सुट्टी देत आणि एकटे आत राहत. रंगही दरवर्षी वेगळा. एका वर्षी शेंदरी, एका वर्षी राखी. माझ्या मुलाचं बारसं झालं त्या वर्षी पोपटी होता. डब्यात उरलेला रंग त्यांनी पाळण्याच्या स्टँडला दिला होता. नवमीला मग त्या ताज्या, चकचकीत अंगावर हळदकुंकू, अक्षता, झेंडू, नारळाचं पाणी. पांढऱ्या धोतरातले अप्पा आणि रंगवलेली करवत, दोघांनाही एकाच निरांजनाचा उजेड.

आणि सिद्राम. अप्पांचं चित्र सिद्रामशिवाय पुरं होत नाही. तो अक्कलकोटच्या पलीकडचा, घरी कानडी बोलणारा. करवतीवरचा त्याचा हात असा होता की तिरका काप मारताना तो खूण न करता नुसत्या डोळ्याने मारी आणि माप लावलं तर चुकत नसे. पोपटी रंगाच्या त्याच वर्षात, भर वैशाखात, असाच तिरका काप मारताना, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं करवतीने नेली. रक्त मी पुसलं होतं, भुसा टाकून, त्या पोपटी रंगावरून. म्हणून रंग मला पक्का आठवतो. दवाखान्यात सिद्राम एकच गोष्ट परत परत सांगत होता. "मालक, टेबल हाललं वो. देवाशपथ हाललं." अप्पांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि अत्यंत मायेने म्हणाले, "टेबल बिडाचं आहे, सिद्राम. बीड हालत नाही. माणसाचं लक्ष हालतं."

तो शब्द असा काही पडला की वर्कशॉपची म्हणच झाली. कुणाच्या हातून चहा सांडला, काठी चुकीची कापली गेली, की पोरं ओरडत, "सिद्रामाण्णा, लक्ष हाललं का?" सिद्राम हसायचा. पुढे पुढे तोच नव्या कामगाराला स्वतःचा हात दाखवून सांगू लागला, "बग, माजं लक्ष हाललं व्हतं. तू ध्यान ठेव." अप्पांनी त्याला कामावरून काढलं नाही. करवतीवरून काढलं. तेव्हापासून तो पॉलिशपेपर घेऊन काठ्या घासतो. रोज दुपारी अप्पा स्वतःच्या कपातला अर्धा चहा त्याच्या बशीत ओतत, आणि ओतताना त्या तुटक्या हाताकडे पाहत. दिवाळीला सगळ्यांच्या आधी कापड त्याला. बघणाऱ्याचे डोळे भरून येत. त्याच वैशाखात, खंडेनवमीची वाट न पाहता, अप्पांनी करवत निळी केली. रक्ताचा डाग यंत्रावर नको, म्हणाले. आणि तिरकं काम घेणं बंद केलं. "आपण सरळ माणसं, सरळ काम करू." टेबल त्यानंतर कधी कललं नाही. आम्ही सगळ्यांनी याला तत्त्व म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले, झोपेत, स्वच्छ चादरीवर. वर्कशॉप माझ्याकडे आलं. मागांच्या काठ्यांवर हल्ली भागत नाही. बरेच माग नव्या पद्धतीचे झाले, त्यांना आमची काठी लागत नाही. म्हणून मी एका मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांचं काम घेतलं. खुर्चीचे पाय तिरके. टेबल कलवायला हवं. टेबल आवळणारा बोल्ट इतक्या वर्षांत गंजून बसलेला, तो मी तेल सोडून, पाना घालून ढिला केला, टेबल कलवलं, आणि पहिलंच लाकूड पुढे सरकवलं तेव्हा खालून आवाज आला. मोठा नाही; जून सुपारी अडकित्त्यात फुटावी एवढाच. टेबल एका बाजूला बसलं. माझा हात पट्ट्यापासून लांब होता, म्हणून शाबूत आहे.

खालचा अर्धचंद्र दोन तुकडे होऊन पडला होता.

तुटलेलं दुरुस्त करायचं तर आधी स्वच्छ करावं लागतं, एवढाच माझा हेतू होता. ते तुकडे मी मागच्या ओट्यावर घेऊन बसले. ज्या वस्तूपुढे आम्ही दरवर्षी हात जोडले ती आतून कशी होती, ते सांगते. निवलेल्या तुपासारखं पिवळं, केसाळ ग्रीस. त्यात रुतलेला भुसा, कुजलेल्या अक्षता, नारळाच्या पाण्यात भिजून काळं पडलेलं कुंकू. झुरळांच्या अंड्यांच्या कुप्या, ओळीने, दाण्यांसारख्या. त्याखाली रंग, एकावर एक, जखमेवरच्या खपलीसारखा जाड. नखाने उचकटला तर सालपटं निघत आणि त्यांच्या पाठीला आधीच्या वर्षाचा रंग चिकटून येई. उन्हात त्या सगळ्याला खवट वास सुटला. घाणीची मला सवय आहे, ती मी रोज झाडते; पण ही घाण पुजलेली होती, तिच्यावर दरवर्षी मनोभावे नवा थर चढवलेला होता, आणि हे माझ्या पोटाला सोसेना.

मग भेग दिसली. ताजं तुटलेलं बीड करड्या साखरेसारखं चमकतं. माझ्या हातातल्या तुकड्याच्या तुटल्या तोंडाचा फक्त एक कोपरा तसा चमकत होता. बाकीचा सगळा भाग काळा, तेल प्यायलेला, जुना. म्हणजे आता जे तुटलं ते शेवटचं राहिलेलं होतं. बाकीचं केव्हाच गेलं होतं. आणि त्या जुन्या भेगेच्या तोंडाशी लांबी भरलेली होती. दरवाजाचं भोक बुजवायला रंगारी वापरतात, तीच. बोटाने नीट दाबून, काठ सारखे करून. तिच्यावर रंगाचे थर होते. वरचे खरवडत निळ्यापर्यंत आले. निळा खरवडला, खाली पोपटी. पोपटी खरवडला, खाली लांबी. लांबीच्या कडेने, भेगेच्या आत ओघळून सुकलेला पोपटी रंगाचा एक थेंब, पाळण्याच्या स्टँडचा तोच रंग.

हिशोब अवघड नव्हता. सिद्रामची बोटं गेली तेव्हा करवत पोपटी होती. लांबी पोपटीच्या खाली आहे. म्हणजे अपघाताच्या आधीच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, सगळ्यांना सुट्टी देऊन एकटे आत राहिलेल्या माणसाने भेग पाहिली होती, ती बुजवली होती, तिच्यावर पोपटी रंग दिला होता आणि दुसऱ्या दिवशी तिला ओवाळलं होतं. टेबल हाललं होतं. दवाखान्यातला तो वेदनेने कण्हणारा माणूस खरं बोलत होता, आणि ते खरं आहे हे जगात ज्या एकाच माणसाला ठाऊक होतं त्याचा हात त्या वेळी त्याच्या कपाळावर होता.

वाईट माणसाचा संताप येतो. संताप स्वच्छ असतो, पेटतो आणि विझतो. इथे संताप आलाच नाही. आतून काहीतरी आंबल्यासारखं झालं. बशीत ओतलेला तो चहा, दिवाळीचं ते कापड, ती मायेची नजर, ज्या ज्या गोष्टींनी माझ्या मनातला हा माणूस उजळलेला होता, त्या एकेक करून नासत गेल्या, फोडणीच्या डब्यात पाल पडल्याचं जेवण झाल्यावर कळावं तसं. ते उभे धरलेले ओले हात मला आठवले आणि मी उठून ओट्यामागे जाऊन ओकले.

संध्याकाळी यजमानांना तुकडे दाखवले. ते चष्मा काढून बसले. "आता कशाला उकरून काढतेस? अप्पांना जाऊन अजून वर्ष नाही झालं."

"मी भेग पाडलेली नाही."

"सिद्रामला सांगून काय होणार आहे? बोटं येणारेत का परत?"

"बोटं नाही. नाव येईल."

"घरातली गोष्ट घरात ठेव, एवढंच म्हणतो मी." आणि मग, अगदी अप्पांच्या हलक्या आवाजात, "ते वाईट नव्हते गं."

मी म्हटलं, वाईट असते तर बरं झालं असतं; आपण सगळ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवलं असतं.

सकाळी मी तुकडा सिद्रामच्या हातात दिला. काही सांगितलं नाही. लोखंड त्याला माझ्याइतकंच वाचता येतं. त्याने तो उजेडाला धरला, काळ्या भागावरून अंगठा फिरवला, लांबीत नख रोवलं. एक पोपटी टवका नखावर आला.

"बाळाच्या पाळण्याचा रंग हाय की हा, वैनी."

"हो."

"म्हंजी मालकांस्नी ठावं व्हतं."

"होतं."

मला वाटलं होतं, हा माणूस आता म्हणेल, जाऊ द्या वैनी, झालं ते झालं. तसं काही तो म्हणाला नाही. त्याचा चेहरा हळूहळू, ओलं चामडं उन्हात आक्रसावं तसा आक्रसत गेला. "रोज माजा हात बगायचे ओ. च्या वतताना रोज बगायचे. ह्या दोन बोटांवरनं माज्या बायकूनं चार लोकांत माजं उणं काडलं, पोरांनी काडलं, आन मीबी माजीच चूक म्हनून गावभर सांगत हिंडलो." मग ज्याने आयुष्यात कधी तंबाखूची पिंकसुद्धा वर्कशॉपच्या जमिनीवर टाकली नव्हती, तो सिद्राम वळला आणि करवतीच्या पायथ्याशी थुंकला. मी त्याला थांबवलं नाही.

बीड जोडून घ्यायला आम्ही दोघं रफीकभाईंच्या शेडवर गेलो. या वसाहतीत काही मोडलं की ते आधी रफीकभाईंकडे येतं, आणि तिथे बोललेलं अक्कलकोट रोडभर व्हायला एक दुपार पुरते. मागांचे फिटर, चहावाला, टेंपोवाले, कुणी ना कुणी तिथे टेकलेलंच असतं. रफीकभाईंनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. "बीड म्हंजे नवी नवरी, भाभी. येकदम तापवलं तरी फुटतंय, येकदम निववलं तरी फुटतंय."

"नवरी फुटत नाही, रफीकभाई. तुम्ही भट्टी बघा."

बसलेले हसले. रफीकभाईही हसले, आणि हसता हसता त्यांचं बोट लांबीवर थबकलं. "लांबी भरून बीड सांदतंय व्हय कुनी! कुनाचं काम हे?"

सिद्राम माझ्याकडे पाहत नव्हता. तो भट्टीतल्या निखाऱ्यांकडे पाहत होता. घरातली गोष्ट घरात ठेवायला थांबावं अशी ही शेवटची जागा होती, आणि तिथे मी थांबले नाही. "माझ्या सासऱ्यांचं," मी मोठ्याने म्हटलं, भट्टीच्या भात्यावरून ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "टेबल आधीच तडकलं होतं. त्यांनी ते बुजवून ठेवलं. सिद्रामची बोटं त्यामुळे गेली. सिद्रामचं काही चुकलं नव्हतं."

एका फिटरने, जो 'लक्ष हाललं का' म्हणण्यात सगळ्यांच्या पुढे असायचा, हातातला चहा खाली ठेवला. रफीकभाईंनी निखारे सारखे केले. रंग जळू लागला तेव्हा त्यातून काळा, केस जळावेत तसा वास उठला आणि आम्ही सगळे नाकाला पदर, रुमाल लावून मागे सरलो. वर्षावर्षांची ती भक्ती चरचरत, फोड येत, धूर होऊन गेली. मग नुसतं बीड उरलं, राखेच्या रंगाचं, उघडं. भेगेच्या दोन्ही कडा घासून त्यांची खाच केली, दोन्ही तुकडे जुळवून कोळशात सावकाश लाल होऊ दिले, आणि सांधा धरावा म्हणून टाकणखार टाकून पितळेची कांडी त्या खाचेत वितळवली. पितळ क्षणभर थांबलं, आणि मग तहानेल्यासारखं आत शिरलं. रफीकभाईंचा हात सवयीने पाण्याच्या बादलीकडे गेला. "नाही," मी म्हटलं. सांधलेला गरम तुकडा आम्ही भट्टीच्या राखेत पुरला आणि पुढचा दिवसभर त्याला हात लावला नाही.

आता तो अर्धचंद्र परत टेबलाखाली बसला आहे. करड्या बिडावरून पितळेची पिवळी शीर आडवी गेली आहे, दारातून येणाऱ्यालाही दिसते. मी तिच्यावर रंग देणार नाही, खंडेनवमीलाही नाही. आणि दर सोमवारी काम सुरू होण्याआधी टेबलाखाली हात घालून ती शीर चाचपायची, हा नियम मी घालून दिला आहे. त्याला कुणी तत्त्व म्हणू नये.

जोडून झाल्यावर मी सिद्रामला करवतीपुढे यायला सांगितलं. तो आला नाही. पॉलिशपेपर हातात धरून तसाच उभा राहिला. मग तो आला. टेबल त्याने स्वतः कलवलं, एकदा मूठ मारून पाहिलं, पुन्हा मारून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. मोटर सुरू केली. खुर्चीचा पाय त्याने तीन बोटांच्या हाताने पुढे सरकवला, आणि पहिला काप वाकडा गेला. त्याने तो तुकडा फेकून दिला. दुसराही वाकडा गेला. इतक्या वर्षांत जे गेलं होतं त्यात बोटं हा लहान भाग होता, हे त्या दोन वाकड्या कापांत मला दिसलं. कुणीही थट्टा केली नाही. तिसरं लाकूड मीच त्याच्या हातात दिलं.

अप्पांच्या फोटोपुढे त्या दिवशी उदबत्ती लागली नाही. कुणी ठरवून टाळली, असंही नाही. फोटोतले ते तसेच आहेत, पांढरे, शांत, काहीतरी बोलणार असल्यासारखे. त्यांना विचारण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे आणि ते विचारता येण्याची सोय मरणाने काढून घेतली आहे. गेलेल्या माणसावरचं प्रेम काळ हळूहळू सोसण्याजोगं करतो, दुःखही करतो, असा सगळ्यांचा अनुभव असतो. पण गेलेल्या माणसाची किळस आली तर तिचं काळ काय करतो हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि जिला उत्तर द्यायला समोर कुणी उरलेलं नाही अशी किळस बहुधा आपल्याबरोबरच म्हातारी होत जाते.